सहा की आठ

८ जुलै २०२५, मंगळवार

लोकलने वडगावला गेले. कोर्टाच्या मागच्या गल्लीत अनिताचं ऑफिस आहे. ती नवी नवी वकील झाली तेव्हापासून तिच्या अशिलांचे मराठी कागद इंग्रजीत करण्याचं काम माझ्याकडे येतं. आज तिने एक जाड फाईल पुढे केली.

“मॅडम, हे प्रकरण मुंबईला हायकोर्टात जातंय. सगळा पुरावा इंग्रजीत हवा. महिनाअखेरीपर्यंत जमेल ना?”

मी फाईल चाळली. जबान्या, उलटतपास, फेरफार, नकाशे. झेरॉक्स फार फिकी निघाली आहे. हल्ली हे लोक शाई वाचवतात.

अशील बाकावर बसली होती. शकुबाई, आंदर मावळातली, माझ्याहून थोडी मोठी असेल. तिच्या भातखाचरांकडे जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका बंगल्यांच्या स्कीमने भिंत घालून बंद केली. जिल्हा कोर्टात ती हरली. आता हे शेवटचंच. मी भाषांतर करणार हे कळल्यावर तिने माझा हात धरला.

“बाई, माजं बोलनं विंग्रजीत गेल्याव त्यास्नी कळंल न्हवं?”

“कळेल की.”

“मंग नीट घाला. पार नाल्याकडनं वळसा पडतोय. बैलं कुटनं न्यायची? डोक्याव घिऊन?”

अनिता हसली. शकुबाई हसली नाही. मला आईची आठवण झाली. आईचं माहेर मावळातल्याच भाजे गावचं. तीही विनोद करताना हसत नसे.

येताना मळवलीच्या पुढे धुकं इतकं होतं की डब्यातले लोकही अंधुक दिसत होते.

१० जुलै, गुरुवार

फाईलला हात घातला. दिवसभरात चार पानं. पूर्वी एवढ्यात वीस व्हायची. मनगट दुखतं. शिवाय ती झेरॉक्स.

भाषांतरकारांच्या ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं होतं की लँग्वेज मॉडेल, म्हणजे वाचणारं-लिहिणारं ते यंत्र, आता घरच्या कॉम्प्युटरवर बसवता येतं. इंटरनेट काढून टाकलं तरी चालतं. मला नेमकं हेच हवं होतं. अशिलाचे कागद मी परक्या वेबसाइटवर चढवत नाही. माझे यजमान राजेंद्र होते तेव्हापासूनचा हा घरातला नियम आहे. ते वडगाव कोर्टात नक्कल विभागात होते. कुठला कागद कुठे जायला नको, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

अट एकच. कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड हवं आणि त्या कार्डाची स्वतःची मेमरी पुरेशी हवी. यंत्राचं सगळं ओझं त्या मेमरीवर पडतं. कोमलच्या खोलीत तिच्या आर्किटेक्चरच्या वेळचा मोठा कॉम्प्युटर आहे. ती नोकरीला बंगळूरला गेल्यापासून चादरीखाली होता. चादर काढली, पुसला, लावला. चालू झाला.

कार्डावर कोणतं मॉडेल चालेल हे सांगणारी वेबसाइट आहे. कार्डाचं नाव निवडायचं आणि मेमरी भरायची. हिरवी खूण आली तर चालेल, पिवळी आली तर रखडेल, लाल आली तर नाद सोडा. कोमलचं कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत मिळतं म्हणे, सहा जीबी आणि आठ जीबी. आपलं कोणतं ते कॉम्प्युटरच्या सेटिंगमधल्या एका पाटीवर लिहिलेलं असतं. अक्षर अगदी बारीक. नाक लावून पाहिलं. आठ. आठ भरलं. हिरवी खूण आली. शाळेत निबंधाखाली हिरव्या शाईने ‘उत्तम’ मिळे, तेव्हा वाटायचं तसं वाटलं. आमच्या वस्तीतून कॉन्व्हेंटात जाणारी मी पहिली. सिस्टर हिरवी शाई कमी वापरत.

कोमलचा फोन आला.

“आई, तुला हे कशाला?”

“मनगट दुखतं गं. यंत्र टंकेल, मी तपासेन.”

“आणि डोळे? मागे म्हणत होतीस. दाखवलेस का?”

“दाखवले. चष्म्याचा नंबर बदललाय. बाकी सगळं ठीक आहे.”

दाखवलेले नाहीत. पण या पावसात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तळेगावला कोण जातं.

१२ जुलै, शनिवार

आमच्या जिन्याचा कठडा मधोमध वाकला आहे. वरचा फ्लॅट शनिवार-रविवारी पर्यटकांना देतात, त्यांनीच सामान आपटलं असणार. सेक्रेटरींना सांगायला हवं.

१४ जुलै, सोमवार

मॉडेल उतरवायला दोन दिवस लागले, मध्ये लाईट जात होती. आठ जीबीत मावणाऱ्यांपैकी सर्वांत हुशार म्हणून लोक ज्याची स्तुती करतात, ते घेतलं. पानाचा फोटो दिला की ते वाचतं आणि भाषांतर करतं.

शकुबाईच्या जबानीचं पहिलं पान दिलं. बराच वेळ काही नाही. मग एक शब्द आला. मी भात लावून आले तेव्हा चौथा शब्द येत होता. पंखे असे घोंघावत होते की ऐकून खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाई वर आल्या. या आंबीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. शाळेतलं बोलणं शाळेत ठेवलं, म्हणतात, घरी मावळीच बोलतात.

“काय शिजतंय एवढं?”

“भाषांतर.”

त्यांनी वाकून पडदा पाहिला. “चारच शितं? ह्याला कुकर लावा.”

मग कॉम्प्युटरच्या मागे हात धरून पाहिला आणि खाली जाऊन आपले दोन ओले ब्लाउज घेऊन आल्या. जुलैत आमच्याकडे काही वाळत नाही. इस्त्रीने वाळवावं नाही तर बल्बखाली. त्यांनी ते खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि खुर्ची यंत्राच्या मागे सरकवली.

“तुमचं व्हईल तवा व्हईल. माजं तरी हुंद्या.”

मी कठड्याचं विचारलं.

“कुटला कठडा?”

“आपला. मधे वाकलाय बघा.”

त्या जिन्यात जाऊन त्यावरून हात फिरवून आल्या. “यशोधराबाई, काई वाकल्याला न्हाई. सरळसोट हाय.”

मोतीबिंदू काढल्यापासून मुंगीचे पाय मोजते, असं त्या सगळ्यांना सांगतात. कठडा मात्र दिसत नाही. मी वाद घातला नाही.

ब्लाउज वाळले. पान झालं नाही. अर्ध्यात ‘मेमरी अपुरी’ असं काहीतरी येऊन सगळं बंद पडलं. दमट हवेने आत गंज चढला असेल.

१६ जुलै, बुधवार

बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या आदिनाथला बोलावलं. पूर्वी त्याचं गेम खेळायचं पार्लर होतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डं तो भाजीसारखी ओळखतो. झाकण काढलं, फुंकर मारली.

“गंज नाही मॅडम. नव्यासारखं आहे. टाकलंय काय याच्यावर?”

मी मॉडेलचं नाव सांगितलं.

“ते? ते आठवर चालतं. मस्त पळतं.”

“म्हणूनच घेतलं ना. आठच आहे.”

“सहा आहे हे.”

“आदिनाथ, मी स्वतः बघितलंय.”

त्याने झाकण लावलं, कॉम्प्युटर सुरू केला, ती पाटी उघडली आणि आकडा मोठा करत नेला. पडद्यावर वाटीएवढा सहा उभा राहिला.

“सहापेक्षा जास्त ओझं झालं की उरलेलं कॉम्प्युटरच्या साध्या मेमरीत जातं,” तो म्हणाला. “ती गरीब असते. मग असं रखडतं. कार्डाचा दोष नाही.”

“आकडे इतके बारीक का करतात?”

“सगळ्यांना तेवढेच दिसतात मॅडम,” तो म्हणाला आणि लगेच वायरी आवरायला लागला.

चहा पिताना त्याने सहात मावेल असं लहान मॉडेल सुचवलं. “जरा कमी शिकलेलं आहे. पण तुम्ही आहात ना तपासायला.”

वेबसाइटवर सहा भरलं. मोठ्याला पिवळी खूण, लहानाला हिरवी. आकडा भरताना आदिनाथ शेजारी उभा होता, ते मला आवडलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

लहान मॉडेल पळतं. मी चष्मा पुसेपर्यंत पान तयार. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, काळंभोर. पहिल्या दिवशी पुष्कळ चुका सापडल्या. ‘खाचर’ त्याला माहीत नाही. ‘वहिवाट’ म्हणजे त्याला शेती वाटली. सुधारत गेले.

पण इंग्रजी फार सभ्य लिहितं. कुठे तुटक नाही, कुठे उर्मट नाही. शकुबाईची उलटतपासातली उत्तरं कोर्टाच्या मराठीतही खडखडीत आहेत, ती याने अशी मऊ केली आहेत की आमच्या सिस्टरनी बोलायला शिकवलं तसं वाटतं. ‘तोंडावर नाही म्हणू नये’ हे त्यांनी आम्हाला किती वेळा शिकवलं. मी घरी तसं बोलले की वडील म्हणत, पोरगी रेल्वेच्या साहेबासारखी बोलते, हो म्हणाली का नाही तेच कळत नाही. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीचे रूळ बदलायचे. त्यांच्या कामात हो म्हणजे हो असायचं.

२३ जुलै, बुधवार

काम झपाट्याने चाललं आहे. आश्चर्य म्हणजे चुका रोज कमी सापडतात. पहिल्या दिवशी पानात दहा, काल तीन, आज जवळजवळ नाहीत. सवयीने यंत्रही सुधारत असेल.

एका बाबतीत मात्र ते हट्टी आहे. भिंत ज्या जमिनीत आहे तिचा गट नंबर २११. ते प्रत्येक पानावर २१९ लिहितं. मूळ पान मी भिंग लावून पुन्हा पाहिलं, दोनशे अकराच आहे. प्रत्येक ठिकाणी न कंटाळता बदलते. मठ्ठ मुलीशी सिस्टर जशा वागत तशी वागते.

राजेंद्र असते तर रुजवात घेतली असती. नक्कल विभागातली ही रीत. मूळ एकाने मोठ्याने वाचायचं, नक्कल दुसऱ्याने डोळ्यांखालून घालायची, आणि मग नकलेखाली दोघांनी सह्या करायच्या. माझी भाषांतरंही ते तशीच घेत. ते मराठी वाचायचे, मी इंग्रजीवर बोट ठेवायची. स्वल्पविराम आला की थांबायचे आणि मी मान हलवल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. आता चार वर्षं मीच दोन्ही वाचते.

२४ जुलै, गुरुवार

गॅसवरचं दूध उतू गेलं. मी समोरच उभी होते.

२७ जुलै, रविवार

फाईल पूर्ण. अनिताला पाठवली. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला तर घर एकदम गार वाटलं. झुंबरबाई टॉवेल घेऊन आल्या होत्या, परत गेल्या. “बंद केलं? आता माजी कापडं कोन वाळवायची?”

२८ जुलै, सोमवार

अनिताचा फोन.

“मॅडम, एक विचारू? गट नंबर सगळीकडे २११ कसा पडलाय?”

“तोच आहे ना.”

“२१९ आहे. २११ ओढ्यापलीकडे, कुणा तिसऱ्याचाच. हा असाच गेला असता तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी उभा राहून म्हणाला असता, या बाई ज्या जमिनीबद्दल बोलतायत तिथे आमची भिंतच नाही. माझ्या तोंडात तो नंबर बसलाय म्हणून दिसलं.”

मी म्हटलं, यंत्राची चूक असेल, हल्लीच बसवलंय, तपासते.

फोन ठेवला आणि मग आठवलं. यंत्राचा कच्चा मसुदा मी वेगळा ठेवते आणि माझा सुधारलेला वेगळा. कच्चा उघडला. आकडे आदिनाथने दाखवलं तसे वाटीएवढे केले. २१९. पुढचं पान. २१९. सगळीकडे २१९.

त्याने बरोबर वाचलं होतं. मी बदललं होतं.

मूळ कागदाचा फोटो काढला आणि तोही तेवढा मोठा केला. शेवटचा आकडा नऊ आहे. त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. झेरॉक्सही फिकी नाही.

२९ जुलै, मंगळवार

डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रेघा थोड्या हलतात. मग उजवा झाकला. आजची तारीख जिथे असायला हवी तिथे तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी होतं. कडेचे वार दिसत होते.

जिन्यात जाऊन कठड्यावरून हात फिरवला. सरळ आहे.

३० जुलै, बुधवार

अनिता स्वतः आली, गाडीने. भाषांतराची छापील प्रत आणि भाषांतरकाराचा दाखला घेऊन. मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर मुळाबरहुकूम आहे, असा तो दाखला असतो. गेली कित्येक वर्षं त्याखाली सही करते आहे.

“नंबर मी सगळीकडे दुरुस्त करून घेतला,” ती म्हणाली. “तुमची सही झाली की उद्याच दाखल करते.”

“बाकीचं कुणी पाहिलं?”

“बाकीचं तुम्ही पाहिलंय ना.”

“मी पाहिलेलं धरू नकोस.”

तिला वाटलं मी रागावले. “मॅडम, एक नंबर चुकला, माणसाकडून होतं. तुमचं इंग्रजी वाचून आमचे सीनियरसुद्धा खूश झाले. एकदम पॉलिश्ड आहे म्हणाले.”

“अनिता, मला दिसत नाही.”

हे असं मोठ्याने मी पहिल्यांदाच म्हटलं. पुढे सविस्तर सांगितलं, म्हणजे कुठल्या डोळ्याने किती, कधीपासून. ती पेन उघडझाप करत बसली.

“दाखल करायची तारीख येत्या मंगळवारची घेता येईल,” ती शेवटी म्हणाली. “त्यापुढे नाही. आणि दुसरा भाषांतरकार चार दिवसांत एवढं करणार नाही. करायचं काय?”

“रुजवात. कुणीतरी मूळ वाचून दाखवायचं. कान चांगले आहेत माझे.”

“माझा क्लार्क देते.”

“तो ‘मयत’ आणि ‘मजकूर’ एकाच दमात वाचतो. स्वल्पविराम पाळणारं माणूस हवं.”

मी खाली जाऊन झुंबरबाईंना विचारलं. कागद कोर्टाचे आहेत, बाहेर बोलायचं नाही, पैसे अनिता देईल, हे सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“पैशाचं ऱ्हाउंद्या,” त्या म्हणाल्या. “कठडा सरळ हाय का वाकडा, ते आदी सांगा.”

“सरळ.”

“मंग चला.”

२ ऑगस्ट, शनिवार

तीन दिवस रुजवात चालू आहे. झुंबरबाई मराठी वाचतात. इंग्रजी कॉम्प्युटर बोलून दाखवतो, ती सोय त्यात आहेच. मी मधे डोळे मिटून बसते. झुंबरबाई एक वाक्य वाचून यंत्राकडे हात करतात, “आता तू म्हण गं बये.” वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला उठवावं तशा.

माझ्या चुका सापडल्या. एका तारखेत, दोन नावांत. डोळे मिटून ऐकलं की त्या लगेच कळतात. यंत्राने बरोबर लिहिलेलं मी चुकवलं, असं आणखी एकदा निघालं.

दुपारी उलटतपासाला आलो. झुंबरबाई वाचत होत्या: “प्रश्न, भिंत घालण्यापूर्वी तुम्हाला विचारले होते का. उत्तर, मला कोणी विचारले नाही.” आणि यंत्राकडे हात केला. यंत्र त्याच्या सभ्य आवाजात म्हणालं की मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

मी म्हटलं, थांबा. पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. यंत्र पुन्हा तेच म्हणालं.

“काय झालं?” झुंबरबाईंनी विचारलं. इंग्रजी त्यांना कामापुरतं येतं.

मी समजावून सांगितलं. विचारलं नाही म्हणजे विचारलं नाही. आठवत नाही म्हणजे विचारलं असेलही, बाई म्हातारी आहे, विसरली असेल. समोरच्या वकिलाला एवढंच पुरे होतं. तिची संमती होती, असं तो म्हणणार.

“आन्‌ हे तुमी वाचलं न्हवतं?”

वाचलं होतं. हे वाक्य मला आठवतं. पडद्यावर ते मोठ्या काळ्याभोर अक्षरात होतं, नीट दिसत होतं. मला ते आवडलं होतं. किती शालीन उत्तर, असं वाटून पुढे गेले होते. इथे डोळ्यांचा काही संबंध नव्हता.

मग आम्ही पूर्ण उलटतपास पहिल्यापासून घेतला. अशी मऊ केलेली आणखी उत्तरं निघाली. ‘खोटे आहे’ याचं ‘तसं नसावं’ झालं होतं. ‘ठाऊक नाही’ याचं ‘सांगणं कठीण आहे’. एकेक काढून तिचं तिला परत केलं. झुंबरबाई दमल्या, पण उठल्या नाहीत. मध्येच एकदा म्हणाल्या, “ही बाई बोलाया बरी हाय. घरी बोलवा एकदा.”

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. झुंबरबाई बरोबर होत्या. डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बिघाड आहे. डाव्याचा मधला भाग गेला, तो परत यायचा नाही. उजव्यात सुरुवात आहे, इंजेक्शनं घेतली तर थोपवता येईल. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं.

दुपारी शेवटची पानं ऐकली. संध्याकाळी अनिता आली. दाखल्यात एक ओळ तिने माझ्या सांगण्यावरून घातली, की मूळ मजकूर मला वाचून दाखवण्यात आला आणि मी तो ऐकून ताडून पाहिला. वाचणाऱ्याचं नाव, झुंबरबाईंचं. दोघींनी सह्या केल्या. कागदावर सहीची जागा कुठे आहे ते अनिताने बोट ठेवून दाखवलं. मी तिला दाखवू दिलं.

पुढचं काम घेणार का, असं तिने विचारलं. दोघी मिळून घेऊ, असं झुंबरबाईंनी माझ्याआधी सांगून टाकलं.

६ ऑगस्ट, बुधवार

आजची नोंद मी सांगते आहे आणि झुंबरबाई लिहीत आहेत. काल उजव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन झालं. पट्टी उद्या निघेल.

(अक्षर माझे आहे. जसे सांगतील तसे लिहीन. — झुंबर)

अनिताचा फोन आला होता. कागद काल दाखल झाले. शकुबाई तिच्या ऑफिसात आली होती. तिचं बोलणं मुंबईला गेलं असं सांगितल्यावर तिने विचारलं म्हणे, सगळं गेलं का, काही मागं तर नाही राहिलं? अनिताने सांगितलं, सगळं गेलं. निकाल लागायला वर्षं जातील. तोवर ती नाल्याकडूनच जाणार.

आदिनाथ येऊन गेला. आठ जीबीचं कार्ड स्वस्तात आलंय, घ्या म्हणत होता. मी म्हटलं, सहाचं पुरतं.

झुंबरबाईंच्या हाताला लिहिण्याची सवय आहे, त्या फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं लिहितात, पान लगेच भरतं.

(पान मोठ्या अक्षराने भरत नाही, बोलण्याने भरते.)

दुपारी कोमलला फोन करून डोळ्यांचं सगळं सांगितलं. तिला थोडी काळजी वाटली, पण तिने समजून घेतलं आणि

(वरचे वाक्य लिहून झाल्यावर समजले की ते खरे नाही. फोन झालेला नाही. मी दुपारपासून इथेच बसलेली आहे.)

मी म्हटलं, तुम्ही लिहा, फोन मी नंतर करते. त्या म्हणाल्या, आदी फोन. मी म्हटलं, ही माझी डायरी आहे. त्या म्हणाल्या, अक्षर माजं हाय. आणि पेनाला टोपण लावलं. तो आवाज मला ऐकू आला.

 खाली कुणाचा तरी कुकर झाला.

मग फोन केला. कोमल आधी रागावली, मग रडली, मग शनिवारी येते म्हणाली. शेवटी विचारलं, “आई, नक्की किती दिसतं तुला आत्ता? खरं सांग.”

मी डाव्या डोळ्याने समोर पाहिलं आणि सांगितलं. झुंबरबाई बसल्या आहेत. त्यांच्या खांद्यावरचा पदर दिसतो, दोन्ही कान दिसतात, मांडीवरची ही वही दिसते. चेहरा दिसत नाही.

(लिहिले.)